बेरजेत राहिलेली फेरी

१

मेलेल्या मुलीनं विमान सुखरूप उतरवल्याची नोंद होती, आणि ती तिच्याच हातची होती.

मुलीच्या घरी बसलेल्या परीक्षकबाईंनी चष्मा पुसला आणि ती ओळ पुन्हा वाचली. शिकाऊ वैमानिकांची लॉगबुकं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. फुगवलेले तास, उसने तास, झोपेत केल्यासारख्या बेरजा, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलं होतं. अशी ओळ मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती.

तारीख अपघाताची. विमान तेच. सोलो, म्हणजे एकटीनं केलेलं उड्डाण. निघाले सात दहा, उतरले नऊ पंचवीस. उतरण्यांची संख्या एक. शेऱ्याच्या रकान्यात मुंगीएवढ्या अक्षरात: भट्टीकडून उतरले, वारा फिरला होता.

आणि त्या दिवशी दुपारी ते विमान खाजणातल्या चिखलात नाक खुपसून पडलेलं सापडलं होतं. आत मुलगी गेलेली आणि टाक्या कोरड्या ठणठणीत.

"ती उतरली होती," मुलीची आई म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची, आणि समोर बसूनही तिची बोटं काहीतरी घासत असल्यासारखी हलत होती. "तिनं लिहिलंय ना. माझी पोर खोटं लिहीत नाही, बाई. मीच तिला शिकवलं होतं, काच केसभर चुकली तरी माणसाला भोवळ येते."

परीक्षकबाईंनी पिशवी मांडीवर ओढली. त्यांच्या पिशवीत चौकशीच्या अहवालाचा कच्चा मसुदा होता आणि त्यात या ओळीबद्दल वेगळंच म्हटलं होतं. मुलगी सकाळी गेली ती परतलीच नाही. भरकटली, चार तास हवेत फिरली, इंधन संपलं. लॉगबुक वर्गातल्या कपाटात सापडलं, अर्थात ही नोंद तिनं निघण्यापूर्वीच करून ठेवली होती. मसुद्याचे शब्द असे होते: खोटी नोंद करण्याची सवय असलेली, निष्काळजी विद्यार्थिनी. खाली परीक्षकबाईंच्या सहीसाठी जागा रिकामी सोडलेली होती, कारण लॉगबुकाबद्दल त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. पुढच्याच आठवड्यात त्या या मुलीची शेवटची परीक्षा घेणार होत्या.

उड्डाणशाळेत तिला सगळे 'दशांश' म्हणत. बाकीचे "झाला असेल दीड तास" म्हणून मोकळे होत, ही घड्याळाशी भांडत बसायची. अपघातात गेलेल्या त्या जुन्या विमानाचं तास मोजायचं यंत्र महिनाभर बंद होतं, तेव्हा तर तिची फारच चेष्टा झाली होती.

निघताना परीक्षकबाईंच्या लक्षात आलं की घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. कडी काढलेली होती, आणि आपण आलो तेव्हाही ती तशीच होती.

"दार लावून घ्या हो. वस्ती आडबाजूला आहे."

"नाही लावत," आई शांतपणे म्हणाली. "उतरलीय, म्हणजे आता घरीच यायची. तिच्याकडे किल्ली नसते."

परीक्षकबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. ते लॉगबुक त्यांनी पिशवीत टाकलं खरं, पण रस्ताभर त्यांना वाटत राहिलं की कुणीतरी पाठीमागून चालत येतंय आणि त्याला हाक मारायचं धाडस होत नाही.

२

उड्डाणशाळा म्हणजे एक धावपट्टी, एक हँगर, एक वर्ग आणि दोन विमानं. त्यातलं एक आता चिखलात गेलेलं. धावपट्टीच्या जमिनीकडच्या टोकाला विटांची जुनी भट्टी आणि तिच्या मागच्या अंगाला हँगर, समुद्राकडच्या टोकाला खाजण. आठवडाभर उड्डाणं बंद असल्यामुळे सगळीकडे सुट्टी पडलेल्या शाळेसारखी नको इतकी शांतता होती.

मुख्य प्रशिक्षकाला सगळे कॅप्टन म्हणत. माणूस देखणा, बोलका, आणि दुःखसुद्धा इस्त्री करून घालणारा.

"काय सांगू मॅडम, घास उतरत नाही," तो म्हणाला. "पण खरं ते खरं. नोंद आधी लिहून ठेवायची खोड सगळ्याच पोरांना असते. मी कानीकपाळी ओरडतो. ही दशांश तरी त्यातली नसेल असं वाटलं होतं."

"तुम्ही त्या सकाळी इथंच होता?"

"म्हणजे काय? मूल सोलोला गेलं की मी त्या खुर्चीतून हलत नाही. पट्टीवर डोळे लावून बसलेलो असतो. बारा वाजेपर्यंत बसलो होतो. पण पट्टीवर पाखरू उतरलं नाही."

परीक्षकबाईंनी मान हलवली. "बाकीच्या मुलांची लॉगबुकं बघू द्या. ताडून पाहायला बरं."

मुलं म्हणजे उरला होता एकटा मालकांचा भाचा. विशीतला पोरगा, अंगावर भारी जाकीट, डोळ्यांखाली मात्र काळं. त्यानं आणून दिलेलं लॉगबुक इतकं कोरं करकरीत होतं की पानं एकमेकांना चिकटत होती.

"नवं दिसतंय."

"जुनं भिजलं," भाच्याऐवजी कॅप्टननंच उत्तर दिलं. "उतरवून काढायला लावलं. पानोपानी सही केलीय मी."

पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच शाई, एकच दाब. वर्षभराची उड्डाणं एका बैठकीत झाल्यासारखी. परीक्षकबाईंनी तेही पिशवीत टाकलं. कॅप्टनच्या कपाळावर एक आठी आली आणि लगेच गेली.

भाचा त्यांना फाटकापर्यंत सोडायला आला. फाटकाशी आल्यावर एकदम म्हणाला, "मॅडम, तिच्या वहीत त्या दिवसाची एकच ओळ आहे ना?"

"एकच. का रे?"

"नाही, सहज विचारलं."

तो वळला आणि जवळजवळ पळत सुटला. परीक्षकबाई फाटकाला हात लावून तिथंच उभ्या राहिल्या. जी मुलगी एकदा गेली आणि परतलीच नाही, तिच्या एका दिवसाच्या किती ओळी असणार होत्या?

३

इंजिनिअर हँगरच्या मागे एका सुट्या पंखासमोर उकिडवा बसला होता. पंख दुसऱ्या विमानाचा, महिनाभर असाच उतरवून ठेवलेला. तो हातानं रंग खरवडत होता. पंखाचा पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरबरीत झाला होता.

"हे काय झालं?"

"नशीब माझं. त्याच दिवशी हात दिला होता रंगाचा, सकाळी सकाळी. आपल्याकडे सकाळचा वारा जमिनीकडून येतो, धूळ पलीकडे जाते, म्हणून मी या बाजूला बसलो. समुद्राचा वारा दुपारी सुटतो ना, तोवर रंग वाळतो. तर त्या दिवशी मेला नवाच्या सुमारालाच फिरला. भट्टीवरची सगळी राख ओल्या रंगावर. शिव्या घालत नळावर हात धुतले आणि सायकल काढून थिनर आणायला गावात गेलो. आलो बारानंतर. तोवर इथं शोधाशोध सुरू झालेली."

परीक्षकबाई पंखावरची राख बोटानं चाचपत राहिल्या. इंजिनिअरनं खरवडणं थांबवलं. त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं.

"बाई, तुम्ही मला वेडा तर नाही ना म्हणणार?"

"म्हणणार असते तर इथं धुळीत बसले नसते."

"मी तिला ऐकलं त्या दिवशी." त्यानं हँगरकडे बोट दाखवलं. "नळावर होतो तेव्हा. त्या विमानाला एक खोकला होता. उतरताना इंजिनाचा जोर कमी केला की दोनदा ठसकायचं, म्हाताऱ्या माणसासारखं. ते ठसकणं मी झोपेतसुद्धा ओळखेन. ते ऐकलं मी, इथून, हँगरच्या पलीकडून. आणि नंतर कळलं की त्या वेळेला ती कुठं लांब भरकटली होती. तेव्हापासून रोज सकाळी नळावर गेलो की ऐकू येतं. आता मी घरूनच हात धुऊन येतो."

"चौकशीवाल्यांना सांगितलंत?"

"काय सांगू? भूत उतरलं म्हणून? नोकरी घालवू?"

परीक्षकबाईंनी लॉगबुक काढलं आणि ती बारीक अक्षरातली ओळ त्याच्यापुढे धरली. इंजिनिअरनं ती ओठ हलवत वाचली, भट्टीकडून उतरले, वारा फिरला होता, आणि पंखावरच्या राखेकडे पाहिलं.

विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. सकाळी वारा जमिनीकडून, म्हणून सकाळी सगळे खाजणाकडच्या टोकानं येतात. भट्टीकडून यायचं ते दुपारी. त्या दिवशी वारा नऊला फिरणार हे सकाळी सात वाजता देवालाही सांगता आलं नसतं.

"म्हणजे ते..." इंजिनिअर म्हणाला.

"ते ठसकणं खरं होतं. तुम्ही उद्यापासून नळावर खुशाल हात धुवा."

पण त्यांचं स्वतःचं मन काही हलकं झालं नाही. मुलगी उतरली होती, वर्गात येऊन शांतपणे ओळ लिहून गेली होती. मग चिखलात सापडली ती कुठल्या उड्डाणातली?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षकबाई जेवणाच्या टेबलावर दोन्ही लॉगबुकं उघडून बसल्या. नवरा चहा ठेवून गेला, चहा गार झाला, तो मुकाट्यानं गरम करून परत आणून ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलं होतं की बायको बेरजा करत असली की बोलायचं नाही.

दशांशची वही त्यांनी आधी घेतली. पानामागून पान. तास, मिनिटं, पानाखालची बेरीज, मागून आणलेली बेरीज. एकही आकडा चुकला नव्हता. एका ठिकाणी इंजिन सुरू करून, पट्टीच्या तोंडाशी जाऊन, ढग पाहून ती परत फिरली होती. तिथं तिनं हवेतला वेळ शून्य लिहिला होता आणि शेऱ्यात 'धीर झाला नाही' असं लिहिलं होतं. परीक्षकबाईंना हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. अशी कबुली लॉगबुकात कुणी देत नसतं. स्वतःचा नकार लिहून ठेवणारी मुलगी न झालेलं उतरणं लिहील?

मग भाच्याची वही. इथं सगळं गोल गोल. एक तास, दीड तास, दोन तास, जणू विमान त्याच्या मनगटावरच्या घड्याळाला विचारूनच उतरत होतं. वारा नाही, ढग नाही, चूक नाही. परीक्षकबाईंनी नेटानं बेरजा सुरू केल्या.

पहिली पानं जुळली. मग शेवटचं पान आलं ते जुळेना. ओळींची बेरीज कमी, खाली लिहिलेली बेरीज जास्त. त्यांनी पुन्हा केली. नवऱ्याला बोलावून त्यालाही करायला लावली. फरक दीड तासाचा.

"चुकला असेल पोरगा," नवरा म्हणाला.

"चुकला असता तर मिनिटांचा फरक आला असता. हा नेमका एका फेरीचा वेळ आहे, आणि एकूण तासांतही धरलाय. खाली कॅप्टनची सही."

त्यांनी पानावरच्या तारखा पाहिल्या. अपघाताचा दिवस याच पानावर शेवटी पडायला हवा होता, पण ओळी त्याच्या आधीच्याच तारखेवर थांबत होत्या. सगळ्या पानांवर ओळी बारा, या पानावर अकरा.

जुन्या वहीतून उतरवताना एक ओळ गाळली होती. पण पानाखालची बेरीज कोण पुन्हा करतो? ती जशीच्या तशी उचलली होती. ओळ गेली आणि तिचा दीड तास खाली बेरजेत बसून राहिला, घरातलं माणूस गेल्यावरही त्याचं ताट मांडलं जावं तसा.

त्या दिवशी शाळेत उडण्यासारखं विमान एकच होतं. दुसऱ्याचा पंख राखेनं माखून हँगरच्या मागे पडला होता. परीक्षकबाईंनी गार चहा एका घोटात संपवला आणि चपला घातल्या.

५

वर्गात तिघेच होते. परीक्षकबाईंनी भाच्याला फळ्यापुढे उभं केलं आणि हातात खडू दिला.

"या पानावरच्या ओळी मोठ्यानं वाच आणि बेरीज कर."

"हा काय पोरखेळ आहे मॅडम?" कॅप्टन हसत म्हणाला.

"पोरांचाच खेळ आहे. कर रे."

भाच्यानं आकडे मांडले. बेरीज करता करता त्याचा हात मंदावला. उत्तर आलं. त्यानं वहीतली बेरीज पाहिली, मग फळ्याकडे, मग दाराकडे.

"दीड तास कुठं गेला?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"चूक झाली असेल हो उतरवताना," कॅप्टन म्हणाला. "यावरून तुम्ही काय ठरवताय?"

"मी काहीच ठरवत नाही. तुम्हीच सांगितलंत की त्या सकाळी तुम्ही पट्टीवरून नजर हलवली नाहीत. नऊ पंचवीसला ती भट्टीकडून उतरली. इंजिनिअरनं तिचा आवाज ऐकलाय, आणि वारा केव्हा फिरला ते त्याच्या पंखावर राखेनं लिहून ठेवलंय. सात वाजता तिला नऊचा वारा ठाऊक असणं शक्य नाही. तेव्हा एकतर तुम्ही खुर्चीत नव्हता, नाहीतर तुम्ही तिला उतरताना पाहिलंत. दोन्हींपैकी कुठलं लिहू?"

उत्तर भाच्यानं दिलं, फळ्याकडे तोंड करूनच.

"मला उडायची भीती वाटते, मॅडम. मामांना सांगायची सोय नाही, त्यांना या महिन्यात माझे तास पुरे करून हवे होते. म्हणून सर बाकीच्या मुलांना जादा फेऱ्या मारायला सांगायचे आणि तास माझ्या वहीत जायचे. मी आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवायचो."

"आणि ती गप्प बसायची?"

"तिला माहीतच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला पाठवलं. आधी दुसरी मुलं होती, ती सोडून गेली. सर तिला म्हणाले, परीक्षा तोंडावर आलीय, अजून एक फेरी मारून ये. ती खूश झाली. म्हणाली, आधी झालेलं लिहून घेते, मग जाते. ती इथं, या बाकावर लिहीत बसली होती."

परीक्षकबाईंनी त्या बाकाकडे पाहिलं. कुणीतरी तो पुसून स्वच्छ केला होता.

"मला सरांनी फ्युएल भरायला सांगितलं," भाचा म्हणाला. "पंपाची किल्ली मामांच्या ऑफिसात होती. मामा समोर बसले होते, मला त्यांच्यासमोर जायचं नव्हतं. म्हटलं, दीड तासाचं असेलच टाकीत. मी इंजिन सुरू करून विमान वर्गाच्या दारापर्यंत आणून ठेवलं, म्हणजे कुणी पाहिलं तर मीच उडवतोय असं वाटेल. मग आम्ही जागा बदलली. ती रोज स्वतः टाकीत पट्टी बुडवून मोजायची. पण इंजिन चालू असताना वर चढता येत नाही. तिनं काचेतून खुणेनं विचारलं, भरलंय का?"

त्याचा उजवा हात वर आला. अंगठा उभा. तो हात हवेत तसाच राहिला.

न उडता लिहायची सवय लागली, की न भरता हो म्हणायला अंगठ्याला कितीसा वेळ लागतो, असं परीक्षकबाईंच्या मनात आलं. पोरगा रडत होता आणि ते रडणं त्याला आयुष्यभर पुरणार होतं.

"माझी बायको, मुलं," कॅप्टन म्हणाला. त्याच्या आवाजातली इस्त्री पार उतरली होती. "मॅडम, ती गेलीच आहे. एका ओळीनं तिला काय फरक पडणार?"

"तिला नाही पडणार," परीक्षकबाई म्हणाल्या. "एका घराचं दार मात्र तेव्हापासून उघडं आहे."

त्यांनी पिशवीतून मसुदा काढला, सहीच्या रिकाम्या जागेवर आडवी रेघ मारली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोघांचे जबाब लिहायला बसल्या. भाच्यानं सही आधी केली.

६

आईनं सगळं ऐकून घेतलं. बाहेर संध्याकाळचा उजेड होता आणि दार नेहमीसारखं लोटलेलं होतं.

"म्हणजे ती उतरली होती," ती शेवटी म्हणाली.

"उतरली होती. अगदी नीट, फिरलेल्या वाऱ्यात. मी परीक्षक म्हणून सांगते, ते सगळ्यांना जमत नाही. अहवालात आता तसंच जाईल. नोंद खरी, अचूक."

आईनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग तिनं लॉगबुक पुढे ओढलं आणि खऱ्या ओळीखालच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं.

"दुसरी फेरी राहिली लिहायची."

"ते मला लिहिता येत नाही हो. दुसऱ्याच्या वहीत लिहायचं नसतं."

"तिनं लिहिलीच असती. आल्या आल्या, हातपाय धुवायच्या आधी. अर्धवट ठेवलेलं तिला खपत नव्हतं. त्या पोराच्या वहीतून तिचा वेळ काढलात ना? मग तो कुठंतरी जायला हवा."

परीक्षकबाईंनी उभ्या आयुष्यात तो नियम मोडला नव्हता. त्यांनी पेन काढलं. तारीख. विमान. सोलो. निघाले नऊ पंचेचाळीस. वेळ एक तास पंचवीस मिनिटं. खाजणात गवत कापणाऱ्या बायकांनी अकरा दहाला आवाज बंद झालेलं विमान तरंगत येताना पाहिलं, असं मसुद्यात होतं, त्यावरून. दीड नाही, एक पंचवीस. शेऱ्यात त्यांनी लिहिलं: इंधन भरल्याचं खोटं सांगण्यात आलं. आणि खाली, ही ओळ परीक्षकाच्या हातची, असं लिहून सही केली.

एक रकाना उरला. पेन तिथं थांबलं.

"इथं काय लिहितात?" आईनं विचारलं.

"किती वेळा उतरली ते."

दोघी त्या चौकोनाकडे बघत राहिल्या. परीक्षकबाईंना वाटलं, सोडून द्यावा रिकामा, कोण बघणार आहे? पण ही वही तसली नव्हती. आईनंच हळू मान हलवली आणि त्यांनी तिथं शून्य लिहिलं.

आई ते शून्य बराच वेळ पाहत होती. काच तपासताना धरतात तशी तिनं वही उजेडाला धरली, पानाखालची बेरीज स्वतः एकदा करून पाहिली आणि वही मिटली.

मग ती उठली, दाराशी गेली आणि कडी लावून घेतली.